ताजी लिंबूवर्गीय फळं की सुकी फळं: पोषण नेमकं कशात जास्त?

पाटो_पूल
गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, बाजारात एका बाजूला मोसंबी, तोरंजन (पपनस), लिंबं आणि दुसऱ्या बाजूला मनुका, अंजीर, खजूर, जर्दाळू. पैसे मोजकेच असतील तर पिशवीत काय पडावं, हा साधा प्रश्न आहे. पोषणमूल्यांचे तक्ते पाहिले तर १०० ग्रॅम मनुकांत पोटॅशियम ७४९ मि.ग्रॅ. आणि लोह १.९ मि.ग्रॅ.; संत्र्यात अनुक्रमे १८१ आणि ०.१. सुक्या अंजिरात कॅल्शियम १६२ मि.ग्रॅ., संत्र्यात ४०. तंतू अंजिरात ९.८ ग्रॅम, संत्र्यात २.४. संत्रं पुढे आहे ते क जीवनसत्त्वात: ५३ मि.ग्रॅ., मनुकांत जेमतेम २.३.

यावरून माझं मत असं की रोजच्या पोषणाला सुकी फळं वरचढ आहेत. क जीवनसत्त्वाची सोय पेरूनेही होते. कुणाला पटत नसेल तर आकड्यांसकट सांगा. शाळेत जाणारी मुलं आणि साठी ओलांडलेली माणसं, असे दोन गट डोळ्यांपुढे ठेवून बोलू या.

दोन_चमचे
आधी एक ठरवू या. काजू, बदाम, अक्रोड, पिस्ते या तुलनेत नकोत. त्या बिया आहेत, त्यांचा हिशेब तेल आणि प्रथिनांचा. इथे फक्त वाळवलेली फळं.

आहारवही
पाटो_पूल, आकडे बरोबर आहेत, पण माप फसवं आहे. संत्र्यात ८७ टक्के पाणी, मनुकांत जेमतेम १५ टक्के. एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं लागतात. पाणी गेलं की उरलेलं सगळं दाटतं, साखरही दाटते. १०० ग्रॅम संत्र्यात ९ ग्रॅम साखर आणि ४७ कॅलरी; १०० ग्रॅम मनुकांत ५९ ग्रॅम साखर आणि जवळपास ३०० कॅलरी. वजन सारखं धरून तुलना केली की आपण पाण्याची साखरेशी तुलना करतो.

माप बदला, १०० कॅलरी धरा. तेवढ्या कॅलरी सुमारे २१० ग्रॅम सोललेल्या संत्र्यातून मिळतात किंवा ३३ ग्रॅम मनुकांतून, म्हणजे एका मुठीतून. आता पाहा:

संत्रं: तंतू ५ ग्रॅम, पोटॅशियम ३८५ मि.ग्रॅ., कॅल्शियम ८५, लोह ०.२, क जीवनसत्त्व ११० च्या आसपास.
मनुका: तंतू सव्वा ग्रॅम, पोटॅशियम २५०, कॅल्शियम १७, लोह ०.६, क जीवनसत्त्व एक मिलिग्रॅमही नाही.
सुकं अंजीर (४० ग्रॅम): तंतू ३.९ ग्रॅम, पोटॅशियम २७०, कॅल्शियम ६५, लोह ०.८.
जर्दाळू (४१ ग्रॅम): तंतू ३ ग्रॅम, पोटॅशियम ४८०, लोह १.१.

पोटॅशियममध्ये जर्दाळू पुढे, लोहात सगळीच सुकी फळं पुढे. तंतू आणि कॅल्शियममध्ये मात्र संत्रं अंजिरालाही मागे टाकतं. शिवाय संत्र्यात फोलेट (एक ब जीवनसत्त्व) असतं, १०० ग्रॅमला सुमारे ३० मायक्रोग्रॅम. मनुकांत ते नावापुरतंच.

कुळागरी
आहारवही, रीत पटली, पण हे संत्रं कुठलं? तक्त्यातलं ५३ मि.ग्रॅ. परदेशी गोड संत्र्याचं आहे, सिट्रस सायनेन्सिस. आपल्याकडे येणारं नागपुरी संत्रं म्हणजे मँडरिन, सिट्रस रेटिक्युलाटा: सैल सालीचं, पाकळ्या सहज सुटणारं. मँडरिनचा आकडा तक्त्यात २७ च्या आसपास असतो. जात, पिकलेपणा आणि साठवण यांप्रमाणे २५ ते ४५ धरून चाला. त्या तक्त्याला खरी जवळची आपली मोसंबी, कारण ती सायनेन्सिसच आहे.

मँडरिन धरून १०० कॅलरींचा हिशेब केला तर तंतू ३.४ ग्रॅम, पोटॅशियम ३१०, क जीवनसत्त्व ५०. मनुकांपेक्षा पुढेच, पण अंजिराशी तंतूत बरोबरीही नाही. तेव्हा 'लिंबूवर्गीय' म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

हंगामाचंही भान हवं. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबरपर्यंत येतो, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिल. मधे जानेवारीत पंजाबचा किन्नू असतो. चवथीच्या सुमारास चांगलं नागपुरी संत्रं मिळायचं नाही, तेव्हा मोसंबी बघा. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागणारी घ्या. साल हिरवट असली तरी आत रस भरलेला असतो. फुगीर, हलकी, जाड सालीची मोसंबी आत कोरडी निघते.

तासगावी
कॅलरीचं माप मला अपुरं वाटतं. माणूस कॅलरी मोजून खात नाही, पोटात मावेल तेवढं खातो. भूक मंदावलेल्या म्हाताऱ्या माणसाला २१० ग्रॅम संत्रं जाणार आहे का? वजन न भरणाऱ्या मुलाला कमी जागेत जास्त ऊर्जा हवी असते, तिथे मनुका-खजुराचं दाट असणं हाच गुण आहे. डोंगर चढणारा, शेतात राबणारा, खेळाडू, यांना मूठभर खजूर जे देतो ते मोसंबी देत नाही.

आणि क जीवनसत्त्वाचं खापर वाळवण्यावर फोडू नका. द्राक्षात मुळातच ते १०० ग्रॅमला तीन-चार मि.ग्रॅ. असतं. न्याय करायचा तर वाळवलेलं संत्रं आणि ताजं संत्रं समोरासमोर ठेवा.

आहारवही
तासगावी, ऊर्जेचा मुद्दा मान्य. कमी खाणाऱ्याला दाट अन्न हवं, यात वाद नाही.

वाळवण्याचं मात्र सांगतो. द्राक्षात चार मि.ग्रॅ. असेल आणि ते चारपट दाटलं तर मनुकांत १६ हवं होतं. मिळतं २.३. म्हणजे वाटेत बहुतेक गेलंच. क जीवनसत्त्व हवेतल्या ऑक्सिजनने, उष्णतेने, उजेडाने मोडतं, आणि उन्हात पसरलेल्या फळाला हे तिन्ही दिवसेंदिवस लागत असतं. खनिजं कुठे जात नाहीत, तंतूही राहतात.

ताज्या फळात साल शाबूत असते आणि आतला रस आंबट असतो, त्या आंबटपणात क जीवनसत्त्व टिकून राहतं. म्हणून न कापलेली मोसंबी आठवडाभर ठेवली तरी फार बिघडत नाही. कापून, रस काढून उघडी ठेवली की घट सुरू. आणि आंबट रस बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात कधीच ठेवू नये. तांब्याने क जीवनसत्त्व झपाट्याने नासतं आणि तांबं रसात उतरतं ते वेगळंच.

रात्रपाळी
काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी दहा खायच्या, रक्त वाढतं, असं सगळीकडे सांगतात. खरं किती?

आहारवही
दहा मनुका म्हणजे साधारण ५ ग्रॅम. त्यात लोह ०.१ मि.ग्रॅ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मि.ग्रॅ. आणि पुरुषाला १९ मि.ग्रॅ. लोह लागतं. दहा मनुकांनी २९ पैकी ०.१ भरतं. शिवाय वनस्पतीतल्या लोहापैकी थोडंच अंगी लागतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांना पर्याय नाही. मनुकांवर विसंबून महिने घालवू नयेत.

भिजवल्याने पोषण वाढत नाही. मनुका मऊ होते, चावायला सोपी जाते, धूळ आणि वरचं थोडं गंधक निघतं. रीत अशी: आधी कोमट पाण्याने दोनदा चोळून धुवायच्या, ते पाणी टाकायचं. मग बुडतील एवढ्याच स्वच्छ पाण्यात सहा-आठ तास ठेवायच्या, आणि हे दुसरं पाणी प्यायचं, कारण साखर आणि पोटॅशियम त्यात उतरतं. आपल्याकडच्या उकाड्यात रात्रभर बाहेर ठेवल्या तर आंबूस वास येतो. फ्रिजमध्ये ठेवा.

तिझान
लोहाची गोष्ट निघालीच आहे तर लिंबू आणि सुकी फळं एकमेकांचे वैरी समजू नका. वनस्पतीतलं लोह आतड्यात शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं, पण ते त्याच जेवणात हवं. सकाळी मोसंबी आणि दुपारी तांबडी भाजी (लाल माठ), याचा उपयोग नाही.

गोव्याच्या ताटात हे सहज बसतं. अळसांद्यांची (चवळीची) उसळ, तांबडी भाजी, नाचण्याचं तिझान (गोड पेज), भिजवलेले फोव (पोहे), या सगळ्यांत लोह आहे. उसळीवर किंवा फोवांवर लिंबू गॅस बंद केल्यावर, वाढताना पिळायचं. रटरटत्या कढईत पिळलं तर क जीवनसत्त्व जातं आणि कडवटपणाही येतो. तिझानात गूळ घालता तिथे दोन जर्दाळू बारीक चिरून घाला आणि सोबत मोसंबीच्या चार पाकळ्या द्या. जेवणावर लगेच चहा नको, चहातली तुरट द्रव्यं, टॅनिन, लोह अडवतात. तासभर तरी जाऊ द्या.

कुळागरी
तिझानताई, यात एक भर. लिंबू पिळलं म्हणजे दिवसाचं क जीवनसत्त्व झालं, हा समज फार पसरलाय. कागदी लिंबाच्या १०० मि.ली. रसात ३० ते ५० मि.ग्रॅ. असतं, पण एका लिंबातून रस निघतो १५ मि.ली.च्या आसपास. म्हणजे एका लिंबाचे पाच-सात मि.ग्रॅ. पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ लागतं. अर्ध्या लिंबाचं कोमट पाणी घेऊन कुणाची गरज भागत नाही. मध्यम आकाराची एक मोसंबी किंवा अर्धा पेरू खरं काम करतो. पेरूत १०० ग्रॅमला दोनशेच्या वर असतं.

फेणीमळा
पेरूचं नाव घेतलंत, मग काजूच्या बोंडाला का विसरता? बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असतं. मार्च ते मे झाडाखाली सडा पडतो आणि दारूच्या भट्टीला गेलं नाही ते कुजतं. खायची अडचण एकच, घसा धरतो. तो टॅनिनमुळे. बोंड धुवून चकत्या करा, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टाका. तुरटपणा बराच उतरतो. रस काढायचा तर त्यात भाताची थंड, पातळ पेज थोडीशी घालून हलवा. टॅनिन पिठूळ साक्यासोबत खाली बसतात, वरची निवळ गाळून घ्या. लगेच प्यायचं, काही तासांतच तो आंबायला लागतो. आणि कुणी विचारण्याआधीच सांगतो: बोंडाच्या दारूत, हुर्राक-फेणीत, क जीवनसत्त्व उतरत नाही. ऊर्ध्वपातनात ते मागेच राहतं.

सोलकढी_रोज
मग कोकमाचं काय? तेही आंबट आहे.

कुळागरी
आंबट म्हणजे क जीवनसत्त्व नव्हे. भिरंड, म्हणजे कोकमाचं फळ, गार्सिनिया प्रजातीतलं, तिचा आंबटपणा हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा. चिंचेचा टार्टारिक आम्लाचा. दोन्हींत क जीवनसत्त्व किरकोळ. सोलकढी प्या, पण मोसंबीच्या खात्यात तिला धरू नका.

औषधपेटी
चवथ जवळ आहे म्हणून हे ठळकपणे लिहितो. गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीला बांधलेलं तोरंजन विसर्जनानंतर घरोघर सोललं जातं. फळ उत्तम आहे: १०० ग्रॅममध्ये ३८ कॅलरी, ६१ मि.ग्रॅ. क जीवनसत्त्व. पण तोरंजन म्हणजे पपनस, ग्रेपफ्रूटचं जवळचं नातेवाईक. या दोन्हींत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. आतड्याच्या अस्तरात औषधं मोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, सीवायपी३ए४. ही द्रव्यं ते बंद पाडतात. मग औषधाचा जो भाग आतड्यातच मोडायचा तो सगळा रक्तात जातो, म्हणजे एक गोळी घेऊन दोन-तीन गोळ्यांचा परिणाम.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांत सिम्व्हास्टॅटिनला हा धोका जास्त, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनला कमी पण आहे. रोसुव्हास्टॅटिनला नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांत फेलोडिपिन आणि निफेडिपिन. मूत्रपिंड बदललेल्यांच्या सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसबाबत तर अजिबात धोका पत्करू नये. गोळी सकाळी आणि तोरंजन संध्याकाळी, असा तोडगा चालत नाही. बंद पडलेलं विकर आतड्याला नव्याने तयार करावं लागतं, त्याला दोन-तीन दिवस जातात. गोळीचं पाकीट फार्मसीत दाखवून विचारा. फळासाठी गोळी बंद करायची नाही, गोळीसाठी फळ सोडायचं.

माटोळी
मोसंबी आणि नागपुरी संत्र्यालाही हेच लागू का?

औषधपेटी
नाही, नेहमीची मोसंबी आणि संत्रं चालतात. कडू संत्रं, ज्याचा मार्मालेड करतात, ते मात्र तोरंजनाच्याच पंगतीला.

दर्यादेग
फ्युरानोकुमारिनचं नाव आलं म्हणून थोडं आडवळण. हीच द्रव्यं लिंबाच्या सालीच्या तेलात असतात. लिंबू पिळलेले हात घेऊन कडक उन्हात थांबलं की त्वचा भाजते, जेलीफिश लागल्यासारखे चट्टे उठतात. लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी लाली, मग फोड, मग तपकिरी डाग, आणि ते डाग कित्येक आठवडे जात नाहीत. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये काम करणाऱ्यांना आणि लिंबू-सोड्याच्या गाड्यावरच्यांना हे माहीत हवं. नुसतं पाणी पुरत नाही, तेल आहे ते. साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच उन्हात जायचं. केस सोनेरी व्हावेत म्हणून लिंबू लावून वाळूत पडणं तर नकोच.

म्हापसा_शुक्रवार
सुक्या फळांच्या खरेदीबद्दल कुणी बोललं नाही, आणि पावसाळ्यात अर्धं पोषण तिथेच वाया जातं.

जर्दाळू भडक नारिंगी आणि मऊ असेल तर त्याला गंधकाचा धूर दिलेला असतो. बिनगंधकाचा जर्दाळू तपकिरी, दिसायला मळकट. पाकिटावर 'आयएनएस २२०' किंवा '२२३' दिसलं की सल्फाइट आहे समजा. बहुतेकांना ते सोसतं. दम्याच्या काही रुग्णांना मात्र त्याने धाप लागू शकते, त्यांनी तपकिरीच घ्यावा. सल्फाइटने रंग आणि थोडं क जीवनसत्त्व वाचतं, पण ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

अंजीर सुट्टं घ्यायचं असेल तर एक फोडून बघू द्या म्हणावं. आत काळी भुकटी असेल तर ती बुरशी, तो अख्खा ढीग सोडा. किडा आणि जाळी आतच लपलेली असते, म्हणून घरीही अंजीर अख्खं तोंडात टाकू नये, उघडून बघावं. वरचा पांढरा थर पाहून घाबरू नका, आधी तपासा. बोटाला रवाळ लागला आणि कोमट पाण्याच्या थेंबात विरघळला तर ती साखर. केसाळ, हिरवट, कुबट वासाचा असेल तर बुरशी. वरचा भाग पुसून उरलेलं खायचं नाही, बुरशीचं विष आतवर गेलेलं असतं.

किवी, अननस, पपई, क्रॅनबेरी यांचे चमकदार तुकडे 'ड्राय फ्रूट' म्हणून मिळतात ते बहुतेक पाकात मुरवलेले. घटकांच्या यादीत साखर दिसली की ती मिठाई समजून घ्या. पोषणाच्या चर्चेत त्यांना जागा नाही.

साठवण: जून ते सप्टेंबर आपल्या हवेत आर्द्रता ८०-९० टक्के. पुरुमेंतासारखी (पावसाळ्याच्या बेगमीसारखी) किलो-दोन किलोची भरती सुक्या फळांची करू नका. पाव किलो आणा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा. काढायला कोरडा चमचा. बरणी थंड असताना उघडी ठेवली की आत दव धरतं आणि बुरशी तिथूनच लागते, तेव्हा हवं तेवढं काढून लगेच झाकण लावा. लिंबंही तशीच: न धुता, कोरडी पुसून, बंद डब्यात फ्रिजमध्ये तीन आठवडे टिकतात. देठाच्या खाचेत हिरवी बुरशी दिसलेलं लिंबू आधी बाहेर काढा, शेजारच्यांना लागते.

तासगावी
बेदाण्याबद्दल भर घालतो. आमच्याकडे द्राक्षघड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या पाण्यात दोन-चार मिनिटं बुडवतात. सालीवरचा मेणाचा थर भेदला जातो आणि पाणी लवकर उडतं. मग सावलीच्या रॅकवर जाळीत पंधरा-वीस दिवस. हिरवा-पिवळा रंग टिकवायला शेवटी गंधकाची धुरी. बियांच्या काळ्या मनुका न बुडवता, जास्त दिवस वाळतात म्हणून काळवंडतात. लोहाने काळ्या होतात असं सांगितलं जातं, त्यात तथ्य नाही. पोषणात दोन्हींमध्ये फार फरक नाही, चावताना बिया येतात तेवढे तंतू जास्त.

साखरपुडा
मधुमेहवाल्यांसाठी हिशेब कुणी देईल का?

आहारवही
१५ ग्रॅम कर्बोदकं हे एक माप धरतात. ती एका लहान मोसंबीत किंवा संत्र्यात मिळतात, किंवा दोन मोठे चमचे मनुकांत, किंवा तीन लहान खजुरांत. मोठ्या मेडजूल खजुरात एकातच १८ ग्रॅम. मोसंबी खायला पाच मिनिटं लागतात, पोटात पाणी जातं, भूक भागल्याचं कळतं. दोन चमचे मनुका चालता चालता संपतात आणि हात पुन्हा बरणीत जातो. खरी अडचण हातालाच आहे, फळाला नाही. म्हणून वाटीत मोजून घ्या, बरणी घेऊन बसू नका.

रसाला मात्र फळ समजू नये. २५० मि.ली. संत्र्याच्या रसात साखर सुमारे २१ ग्रॅम आणि तंतू अर्धा ग्रॅम. पाकळीवरची पांढरी शिरही टाकू नका, पेक्टिन आणि हेस्पेरिडिन तिच्यात असतं.

औषधपेटी
मूत्रपिंडाचा जुना आजार असेल आणि पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल तर जर्दाळू, मनुका, खजूर बंदच. १०० ग्रॅम जर्दाळूत ११६२ मि.ग्रॅ. पोटॅशियम आहे. संत्रं-मोसंबीही विचारूनच. उलट, कॅल्शियमचे मुतखडे वारंवार होणाऱ्यांना लिंबाचा फायदा आहे, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. पण लिंबू-सोड्याच्या गाड्यावरचं नको, तिथलं मीठ मुतखड्याला पोषक. घरी साध्या पाण्यात, बिनमिठाचं.

इतिहासवेळ
आहारवहींनी वाळवण्याचं जे सांगितलं त्याची मोठी परीक्षा समुद्रावर झाली. वास्को द गामाचे खलाशी स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने, मरत होते. परतीच्या वाटेवर, जानेवारी १४९९ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीला पोचल्यावर त्याने आजाऱ्यांसाठी किनाऱ्यावरून संत्री मागवली. लांबच्या सफरींना गलबतांवर मनुका असत, तरी हिरड्या सुजायच्या आणि माणसं दगावायची. १७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातल्या जेम्स लिंड या डॉक्टरने सॅलिसबरी जहाजावर १२ रुग्णांच्या सहा जोड्या करून वेगवेगळे उपाय दिले. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेली जोडी सगळ्यांत आधी सुधारली. तरी ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमाने मिळायला १७९५ उजाडलं.

पाटो_पूल
कॅलरीचं माप मला पटलं, आणि तासगावींचा पोटात मावण्याचा मुद्दाही. आता मूळ दोन गटांवर येऊ. पावसाळ्यात शाळेच्या डब्यात काय द्यावं? आणि दात कमी झालेल्या, भूक मंदावलेल्या माणसाला काय?

आहारवही
डब्यात मोसंबी सोलून पाकळ्या द्या. कापून फोडी करू नका, रस गळतो आणि डबा उघडेपर्यंत चव उतरते. पाकळीची त्वचा फाटली नाही तर चार तास काही होत नाही. सोबत दोन खजूर किंवा चमचाभर मनुका शेंगदाण्यांत मिसळून. नुसत्या मनुका दातांच्या खाचांत चिकटून राहतात, शेंगदाण्यांबरोबर चावल्या की कमी चिकटतात. शेवटी पाण्याची चूळ. आंबट फळावर लगेच ब्रशही नको, आम्लाने दाताचा वरचा थर मऊ झालेला असतो, अर्धा तास थांबा.

म्हाताऱ्या माणसाला दोन अंजिरं रात्री फ्रिजमध्ये भिजवून सकाळी त्याच पाण्यात वाटून, तिझानात किंवा दुधात. बद्धकोष्ठ असेल तर अंजिराऐवजी तीन-चार सुके आलूबुखारे. त्यांतलं सॉर्बिटॉल हे गोड द्रव्य आतड्यात पाणी ओढतं. एकदम आठ-दहा दिले तर पोट फुगतं, जुलाब होतात. मोसंबीची पाकळी चावत नसेल तर त्वचा काढून गर चमच्याने द्या, रस गाळू नका. गोळ्या चालू असतील तर औषधपेटींचं वरचं वाचून मगच तोरंजन.

तासगावी
खजूर देताना बी काढून, फोडून बघून. लहान मुलाला अख्खा नको, घशात अडकतो. मनुकाही चार वर्षांखालच्यांना चिरूनच.

फेणीमळा
आणि बाहेरच्या जर्दाळूइतकाच आपल्या सुकेळ्यांचाही विचार करा. पिकलेली रसबाळी केळी सोलून वाळवतात, बहुधा साखर घालत नाहीत, पोटॅशियम भरपूर. घेताना पानात बांधलेली पुडी उघडून वास घ्या: मधाळ असेल तर घ्या, आंबूस असेल तर आत ओल राहिलेली आहे.

म्हापसा_शुक्रवार
सुकेळी पावसाळ्यात मात्र घेऊ नका, चवथीलासुद्धा. उन्हं नसताना वाळवलेली बाहेरून कोरडी आणि मधे ओली असतात. दिवाळीनंतरची घ्या, तोवर नागपुरी संत्रंही बाजारात आलेलं असेल.